जुन्या वेळेची बतूल

प्रिय बतूल,

हे पत्र राबातच्या बसवाल्याच्या हाती देते आहे, सोबत एक लहानसं पुडकं आहे. ते आधी फोडू नकोस, पत्र संपल्यावर फोड. फोन करणार नाही. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि पलीकडून बोटांची टकटक ऐकू येते, दुसऱ्याच कुणाला काहीतरी लिहीत असतेस. कागदाला तसं फसवता येत नाही. अक्षर वाकडं आहे, तसंच वाच. मशिदीत बायकांना शिकवायला येणारी ती पोरगी साठी उलटलेल्या बाईला एवढंच शिकवू शकली, आणि तेही मी तिच्याशी भांडून भांडून शिकले.

घरचं ठीक. चेरी यंदा लहान आहे, पण गोड आहे. बिघडलेत ते माझे हात. सगळा जन्म जेलाब्याच्या झग्यांची रेशमी बटणं करण्यात गेला, सुई आपली आपण चालते. पण हल्ली एक बटण करते, उसवते, पुन्हा करते. शिंपी परवा म्हणाला, "लल्ला तामू, ही बटणं आहेत की चणे?" म्हटलं, चणेच आहेत, भिजत घाल. बसले की उठावंसं वाटतं, उठले की गच्चीवर जाते, गच्चीवर गेले की खाली काहीतरी राहिलंय असं वाटून खाली येते. शेजारची यमना विचारते, पायाला मुंग्या लागल्यात का? तिला काय सांगू? जी गोष्ट तोंडात धरून बसले आहे ती तिचीच आहे.

ईदला तू आली नाहीस. काम होतं, असू दे. मेंढ्याच्या काळजाचे तुकडे चरबीत गुंडाळून निखाऱ्यावर घातले तेव्हा तुझी वाटणी समोरच्या हाद्दाच्या पोरांनी खाल्ली. पण डोकं फोडायला घेतलं आणि तुझी आठवण निघाली. आठ-नऊ वर्षांची होतीस. तुझी आई तांजियरला शिवणाच्या कारखान्यात, आणि तू माझ्यापाशी. मी भेजा लसूण-टोमॅटोत टाकायला काढून ठेवला, वळून बघते तर ताटली गायब. तू अंगणात उकिडवी बसून माझ्या बटणांच्या सुईने त्याच्या वळ्या उलगडत होतीस. म्हटलं, बाई, ही खायची वस्तू आहे. तू वर न बघता म्हणालीस, "आजी, हा मेंढा सकाळी इतका घाबरला होता, ती भीती यात कुठे आहे?" आपल्यात माणूस घाबरतो तो काळजात, माया करतो ती काळजात, पोराला हाक मारतो तीही 'माझ्या काळजा' म्हणून. भेजा म्हणजे लिंबू पिळून खायचा. त्या दिवशी घरभर तुझी थट्टा झाली आणि जेवणात भेजा नव्हता.

मग तू फेजला डॉक्टरकीला गेलीस. मी साऱ्या गल्लीत सांगून आले. दोन वर्षांत ते सोडून गणिताला लागलीस, तेव्हा मी गल्लीत जाणंच बंद केलं. मग ल्योंला जाऊन उंदरांची झोप मोजलीस, मग समुद्रापलीकडे जाऊन माणसांची. मग म्हणालीस, आता कायदा शिकते, कारण झोप बिघडते ती नुसती डोक्यात बिघडत नाही, कारखान्याच्या भोंग्यात आणि शाळेच्या घंटेत बिघडते, आणि भोंगा कायद्याने वाजतो. मी म्हटलं, सात हुन्नर आणि नशीब बेपत्ता, ही म्हण कुणीतरी तुझ्यासाठीच करून ठेवली आहे. तू म्हणालीस, "आजी, चारच झालेत, अजून तीन बाकी आहेत." ते भोंग्याचं बोलणं मला पटलं होतं. तेव्हा बोलले नाही, कारण तुला डोक्यावर चढायला शिडी लागत नाही.

गल्लीला तुझा धंदा अजून कळलेला नाही. मज्जातंतूंची शास्त्रज्ञ म्हटलं की त्यांना 'नसांची डॉक्टर' ऐकू येतं, आणि नसांची डॉक्टर म्हणजे वेड्यांची. तू सुट्टीला आलीस की दारात रांग. कुणाचा नवरा फार ओरडतो, कुणाची सून फार गप्प असते. हाद्दाने तर दूध न देणारी बकरी आणली होती. तू बकरीलाही खाली बसून पाहिलंस, तिच्याशी दोन शब्द बोललीस. म्हणून ही माणसं तुझी झाली. शिकलीस म्हणून नव्हे.

सरकारने घड्याळ तासभर पुढे नेऊन तिथेच ठेवलं, तेव्हापासून आपल्याकडे दोन वेळा आहेत, जुनी आणि नवी. रमजानात तो तास परत देतात, शेजारणीचा उसना डबा द्यावा तसा, आणि ईद उरकली की पुन्हा घेऊन जातात. माझ्या भिंतीवरचं घड्याळ मी हलवलं नाही. हाद्दाने तिचं हलवलं. यमनाचा नवरा जुन्या वेळेने जेवतो आणि तिची नात शामा नव्या वेळेने शाळेत जाते, थंडीत तर अंधारातच, नदीकाठच्या कुत्र्यांसाठी खिशात दगड घेऊन.

गेल्या थंडीत तू ते पट्टे घेऊन आलीस, मनगटावर बांधायचे, घड्याळासारखे पण वेळ न सांगणारे. मी तुझ्याबरोबर दारोदार फिरले. बायका बिचकल्या. "लल्ला तामू, यात कॅमेरा नाही ना? आमच्या घरातलं कुणाला कळणार नाही ना?" मी म्हटलं, हा झोप मोजतो, दुसरं काही नाही, आणि मोजेल ते सगळ्यात आधी तुम्हाला कळेल, हा माझा शब्द. तू शेजारी उभी राहून मान डोलावत होतीस. मग पोरं कधी निजतात ते तू आयांना विचारलंस, आणि अर्ध्यांनी जुनी वेळ सांगितली, अर्ध्यांनी नवी, हाद्दाने तर एक दिवस जुनी आणि एक दिवस नवी. आठवड्याचं काम पाण्यात. अंगणात डोकं धरून बसलीस आणि मग इतकी हसलीस की पुदिन्याचा चहा नाकातून आला. पुन्हा घरोघर गेलीस, प्रत्येक दारात एकच प्रश्न, "जुनी की नवी?" पोरांनी तुझं नावच पाडलं ते. लांबून दिसलीस की ओरडायची, जुनी-की-नवी आली.

वसंतात शाळेच्या वेळेला उजेड यायला लागला, तेव्हा पुन्हा पट्टे बांधलेस. आणि मग एका दुपारी माझ्यासमोर संगणक उघडून शामाच्या झोपेची रेघ दाखवलीस. सात वर्षांची पोर. मास्तरीण तिला मागच्या बाकावर बसवते, म्हणते मंद आहे, वर्ष पुन्हा करावं लागेल. तू तोंडात घास असतानाच बोलायला लागलीस. "बघ आजी, ही मंद नाही. हिला झोप आलेली आहे. थंडीत रोज पहाटेची झोप कापली जाते हिची, आणि शिकलेलं डोक्यात बसवायला तीच लागते. आता इकडे बघ, उजेड आल्यावर." मला रेघेतलं काही कळलं नाही. मी तुझं तोंड बघत होते. मेंढ्याच्या दिवशीचं तोंड होतं ते. मग संगणक मिटलास आणि म्हणालीस, अहवाल होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. मी बरं म्हटलं. म्हणजे एक शब्द गल्लीला दिलेला आणि एक तुला, आणि दोन्ही याच तोंडातून गेलेले.

त्यानंतर तुला राबातला सरकारने विज्ञानाची सल्लागार केलं. घड्याळाचं काय करावं यावर बसलेल्या समितीला तुझा सल्ला हवा, असं ऐकलं. यमनाने आपल्या हाताने तिळाच्या करंज्या करून वाटल्या. म्हणाली, आता आपल्यातलं माणूस तिथे आहे.

तो मंगळवार होता. मी अल्लालच्या भट्टीवर पाव भाजायला नेले होते. त्याच्या रेडिओवर तुझा आवाज आला. अल्लालने लांब दांड्याची फळी भट्टीतच थांबवली, बायका रेडिओपाशी सरकल्या. विचारणाऱ्याने विचारलं, या तासाचा मुलांच्या झोपेवर परिणाम होतो का? तू म्हणालीस, इस्त्री केलेल्या आवाजात, "आपल्या देशातल्या मुलांविषयी ठोस माहिती अद्याप उपलब्ध नाही. दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा." पाव करपले. कुणी अल्लालला बोललं नाही. मग हाद्दा म्हणाली, "लल्ला तामू, ही जुन्या वेळेची बतूल होती की नव्या?" सगळ्या हसल्या. यमना हसली नाही. तिने पावांची फळी डोक्यावर घेतली, आणि वाटेत एवढंच म्हणाली, "मग आमच्या पोरींच्या हाताला ते काय बांधलं होतं गं, ताईत?"

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालीस, आजी, चाळीसेक पोरांवरून देशाचं ठरवता येत नाही, कुठलाच शास्त्रज्ञ तसं बोलणार नाही. म्हणालीस, सल्लागार ओरडत नसतो, ओरडणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत, जे करायचं ते आतून, हळूहळू. मी फोन ठेवला आणि गच्चीवर गेले, खाली आले, पुन्हा गेले. आज ना उद्या राग उतरेल म्हणून थांबले. राग उतरला, पण चैन काही पडेना, म्हणजे ते रागामुळे नव्हतं.

मी विचार केला आहे, बतूल. तू खोटारडी नाहीस. चाळीस पोरांवरून देशाचं ठरू नये हे मलाही पटतं. एका गिऱ्हाइकाच्या मापावरून मी बाजारभरच्या जेलाब्यांची बटणं करत नाही. पण शामाचं तरी शामाच्या रेघेवरून ठरेल ना? देशाला सांगू नकोस. यमनाला सांग. शाळेला सुट्टी लागायच्या आत मास्तरीण ठरवणार, पोर वर चढवायची की मागे ठेवायची, आणि मागे ठेवली की ती मंद म्हणूनच वाढणार, लग्नापर्यंत लोक तेच म्हणणार. यमना रोज माझ्या दारावरून जाते आणि विचारत नाही. विचारलं असतं तर मी तिला झिडकारलं असतं, ते मला जमतं. न विचारणाऱ्या बाईचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. परवा शामा दाराशी आली, मनगट पुढे केलं आणि म्हणाली, आजी, माझा पट्टा पास झाला का? मी तिला चेरी दिली. मूठभर चेरी घेऊन पोर गेली, आणि मी दाराला आतून कडी घातली, भरदुपारी, जशी काही चोरी करून आले आहे.

आणि काल तुझा निरोप आला. दुसरी फेरी करायची आहे, या वेळी दोनशे पोरं, "आजी, गल्लीत तुझा शब्द चालतो, बायकांशी बोलशील का?" त्यावर माझं उत्तर म्हणजे हे पत्र. नाही बोलणार. माझा शब्द चालत नाहीये, भट्टीपाशी पडला आहे, तुला येऊन तो उचलावा लागेल. येत्या शुक्रवारी ये. कुसकुसचं जेवण उरकलं की मी अंगणात चटया घालते आणि बायकांना बोलावते. कळलं ते सांग, नाही कळलं तेही सांग, चाळीसच आहेत हेही सांग. त्या बाजार करणाऱ्या बायका आहेत, त्यांना थोडं आणि पुष्कळ यातला फरक कळतो. मग तुझी दुसरी फेरी त्यांच्याकडे तूच माग. नाही आलीस तर शनिवारी मी यमनाला माझ्या तोंडाने सांगेन. मला रेघा वाचता येत नाहीत, तेव्हा चुकीचं सांगेन, मास्तरीण हसेल, आणि तुझं सगळं शास्त्र या गल्लीत म्हातारीची बडबड होऊन बसेल. आता पुडकं फोड. त्यात माझा पट्टा आहे, म्हातारी किती घोरते बघू म्हणून एप्रिलात तू थट्टेने बांधलास तो. तू काढायला विसरलीस आणि मी काढला नाही. त्यातला दिवा अजून लुकलुकतो. लाव तुझ्या संगणकाला आणि त्या मंगळवारपासूनची रेघ बघ. माझं कसं चाललं आहे ते मी लिहिणार नाही, मोजायचं यंत्र तुझं आहे. शुक्रवारी दोन वाजता. जुन्या वेळेने. नव्या वेळेने आलीस तर तासभर उंबऱ्यावर एकटी बसशील, आणि बसलीस तरी माझी हरकत नाही.

जुन्याच वेळेची, आणि तुझीच,
आजी तामू