आईंच्या नावाची ओळ

सेक्टर ३, चारकोप
शनिवार, ३ जानेवारी २०२६

प्रिय दीप्ती,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर माझं बोलणं म्हणजे महिन्याचा आकडा नि तुझं बोलणं म्हणजे अंगठा. म्हटलं, ऑफिसातला एक लिफाफा सत्कारणी लावू.

घरी सगळे बरे आहोत. तुझ्या भावाची पुन्हा सकाळची शिफ्ट लागली आहे, त्यामुळे हर्षद संध्याकाळी घरात असतो आणि टीव्हीचा रिमोट आमच्या हाती लागत नाही. शर्मिष्ठाची बारावी. क्लासच्या फीचा शेवटचा हप्ता परवा भरला आणि मी देवापुढे साखर ठेवली.

सोबत डिसेंबरचा कागद जोडला आहे. तुला माहीतच आहे, दिवसभर मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लोकांची बिलं एक्सेलमध्ये भरते. तेच डोकं घरी लावलं. डावीकडे खर्च, वर महिने. ठरवलेल्या आकड्याच्या आत राहिलं तर चौकोन हिरवा होतो, वर गेलं तर लाल. एक तारखेला रंगीत प्रिंट काढते आणि फ्रिजवर चिकटवते. हर्षद म्हणतो, आपल्या स्वयंपाकघरात सिग्नल बसवलाय. हसू दे. या सिग्नलमुळेच गेल्या वर्षी उधारी न करता घर चाललं.

आईंची ओळ बघ. ऑक्टोबरला दहा हजार आठशे पन्नास, डिसेंबरला पाच हजार नऊशे पन्नास. हिरवी! गणपतीत तू मोदकाचं ताट हातात धरून सगळ्यांसमोर विचारलंस ना, "एका म्हातारीला महिन्याला दहा हजार कसे लागतात गं?" तेव्हा मला इतका संताप आला होता की काय सांगू. जणू मी त्यातून साड्याच घेते. म्हणून सप्टेंबरपासून आईंचा खर्च घरखर्चातून काढून वेगळ्या ओळीत टाकला, तुला पै न पै दिसावी म्हणून. तर आता दिसतेय.

कसं जमवलं ते विचारू नकोस. मेडिकलवाला सवलत देतो हल्ली. दुपारी सोबतीला यायच्या त्या बाईही आईंनी नोव्हेंबरात स्वतःच बंद केल्या, "माझा मी करतंय" म्हणाल्या. औषधंही त्याच आणतात, तेवढेच पाय मोकळे होतात म्हणे.

तुझ्या वाटणीचे दोन हजार नऊशे पंच्याहत्तर. सवडीने पाठव.

थंडीमुळे असेल, पण आईंचे पाय जरा सुजतात. आणि हल्ली त्या तीन उशा घेऊन निजतात, जवळजवळ बसल्यासारख्या. काळजीचं काही नाही.

तुझी,
रेवती

---

चारकोप
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

दीप्ती,

तुझा अंगठा मिळाला. पैसेही मिळाले. खाली तू लिहिलंस, "व्वा वहिनी, झालं ना कमी." मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, डबा तसाच पडलाय. थोडं थांबत थांबत लिहीन, पण सगळं लिहीन.

सवलत-बिवलत काही नव्हती.

आईंची ती हृदयाची गोळी साठ रुपयांना एक. सकाळी एक, रात्री एक. महिन्याच्या साठ. नोव्हेंबरच्या बिलावर पंधरा होत्या. डिसेंबरच्या बिलावर पंधरा. बिलं माझ्याकडे येतात, दीप्ती. मीच भरते ती कागदात. दिवसभर बसून दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढणारी बाई मी, मला साठाच्या जागी पंधरा दिसणार नाहीत?

दिसल्या. नोव्हेंबरातच दिसल्या. मी आकडा टाकला, चौकोन हिरवा झाला, आणि मला बरं वाटलं. आईंना हाक मारून दाखवलासुद्धा. "आई, या महिन्यात एकदम झकास!" त्या हसल्या. पदराला हात पुसले, जवळ येऊन नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "ह्या बरा झाला गो."

त्यांची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्हा दोघांना वाढून झाल्यावर त्या टोपातलं पाणी पिऊन निजायच्या, हे तूच मला सांगितलं होतंस, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, कौतुकाने. घरात कमी पडतंय असं दिसलं की ही बाई पहिला हात स्वतःच्या ताटाला लावते. आणि मी काय केलं? तिचं नाव लिहिलं, पुढे लाल रंग भरला आणि फ्रिजवर लावलं. रोज पाणी प्यायला जाताना तिला दिसेल असं.

पण ती चूक होती, आणि चूक कुणाचीही होते. पुढचं तसं नाही.

काल त्यांना डॉक्टरांकडे नेलं. जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबत होत्या, हर्षद म्हणाला आता पुरे, तू आजच्या आज घेऊन जा. डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणी केली. जुलैत हृदय चाळीस टक्के चालत होतं, आता पंचवीस. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं ते मला विचार, मी कालपासून स्वतःला विचारतेय. लाज वाटली. भीती वाटली. "सून असून लक्ष नाही?" हे वाक्य मला ऐकू आलं, डॉक्टर बोलायच्या आतच. आई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त टेबलाखाली माझ्या हातावर हात ठेवला आणि थोपटला.

डॉक्टर म्हणाले, म्हणजे ही मात्रा पुरत नाहीये. आणि दुप्पट ताकदीची गोळी लिहून दिली.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाल्या, "हर्षदाक सांगू नको हां. तुका उगाच बोलतलो." मला रडू फुटलं तर म्हणाल्या, "गप ऱ्हव गो, रिक्षावालो बघता." मग चारकोप नाका आला तेव्हा, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात, "आणि मार्चापासून माझो खर्च लिहू नको. कागद उगाच भरता."

दीप्ती, एप्रिल म्हणाल्या नाहीत, दिवाळी म्हणाल्या नाहीत. त्यांनी मनाशी धरूनच ठेवलंय, आयुष्य किती दिवस पुरवायचं ते.

रात्री मी स्वतः समोर उभं राहून नवी गोळी दिली. आज सकाळी दुसरी. साडेआठला त्या पलंगावरून उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तशाच खाली बसल्या. चेहरा कागदासारखा. पाणी दिलं, आडवं केलं, दहा मिनिटांनी बोलायला लागल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अडीच महिने ज्या गोळीची पाव मात्रा पोटात गेली, तिची मी एकदम दुप्पट देतेय. त्याने काय होतं मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत असणार, पण त्यांना मी खोटं सांगून ठेवलंय.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टर पाचला येतात. तोवर गोळी देऊ नका आणि एकटं सोडू नका, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. शर्मिष्ठा कॉलेज बुडवून शेजारी बसली आहे. हर्षदला पाचला परस्पर दवाखान्यात बोलावलंय. डॉक्टरांसमोर, आईंसमोर, त्याच्यासमोर सगळं सांगणार आहे. तो काय बोलेल ते बोलेल. व्हॉट्सॲपवर तुला हे लिहिलं असतं तर तू पहिल्यांदा त्याला पाठवलं असतंस, आणि हे त्याला माझ्याच तोंडून कळायला हवं. म्हणून तुला मेसेजमध्ये नुसतं "ये" लिहीन. का ये, ते या कुरियरात आहे.

तो फ्रिजवरचा कागद सकाळी फाडला. आई पलंगावरून म्हणाल्या, "अगो, पाठकोरो होतो, शर्मिष्ठाक लिवूक झालो असतो."

मी तुझ्यावर ढकलत नाही. ताट हातात धरून जे विचारलंस ते तुझं तू बघ. बिलं माझ्या हातात होती, तुझ्या नाही.

शनिवारच्या आत ये. गाडीने नको, चोवीस तास जातात बंगळूरहून. विमानाने ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्या हातचं जेवू नकोस. त्यांच्याजवळ बस. तुला दारात बघितल्यावर त्या पहिलं एकच विचारतील, तिकिटाक किती गेले.

खोटं सांग.

रेवती