सामानाची लिफ्ट

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
४ डिसेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हसू नकोस, अक्षर अजून तसंच आहे.

वॉचमन महिपतने तुला कामवाली समजून सामानाच्या लिफ्टमध्ये पाठवलं, त्याची मला अजून किळस वाटतेय. निवृत्त मुख्याध्यापिका, माझी आई, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभी! चेअरमनशी कडकडून भांडलो. महिपतला महिनाअखेर काढतायत. तुझं फोटोवालं कार्डही करून घेतलंय, सोबत पाठवतोय. ते गळ्यात असलं की मोठ्या लिफ्टला कुणी अडवणार नाही. मनाली म्हणते, सासूबाई, येताना जरा चांगली साडी नेसा, म्हणजे प्रश्नच नको.

राग सोड, संक्रांतीला ये. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
उत्तम

राजापूर
११ डिसेंबर २०२४

चि. उत्तम यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षराचं सोड, किळस मजकुराची आली.

त्या लिफ्टमध्ये मी एकटी नव्हते. तुमच्या पोळ्या करणारी स्वाती होती. माझ्या पदराला घाण लागू नये म्हणून ती स्वतः डब्याला टेकून उभी राहिली. वर जाऊन हात धुतले आणि तुमची कणीक मळली. तिच्या हातचं खाता, आणि लिफ्टमध्ये ती शेजारी नको?

संपदा कॉलेजात समाजशास्त्र शिकते, ते वाया गेलेलं नाही. नात म्हणाली, आजी, एखादा माणूस वाईट असतो म्हणून हे चालत नाही, सगळ्यांच्या सोयीचं असतं म्हणून चालतं. आणि कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट ठरली, तेव्हा सभेत बाबांनीही हात वर केला होता. महिपतने माझी सुती साडी आणि पायांच्या भेगा बघितल्या. माणूस असा जोखायला त्याला तुम्हीच शिकवलंत. नोकरी मात्र त्याची जाते. शी!

कार्ड परत पाठवतेय. महिपत कामावर राहिला आणि स्वाती मोठ्या लिफ्टने वर आली, तर संक्रांतीला येईन. नाहीतर तिळगूळ पोस्टाने येईल.

आशीर्वाद आहेत, कौतुक नाही.

आई

जेसल पार्क
१६ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न.

तिळगुळाचं पार्सल पोचलं. वड्या खमंग झाल्यात. स्वातीलाही दोन दिल्या. नवा वॉचमन तरतरीत आहे, माणसं बरोबर ओळखतो.

तब्येतीला जप. लोभ असू दे.

तुझा,
उत्तम