सेंट्रल व्हॅक्युम, पॉइंट नंबर चार

५ जानेवारी १९८६, रविवार
कंपनीने डायरी दिली. मिल सुटल्यावर मरोळच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून लागलो, त्याला तीन वर्षं होतील. एवढ्या काळात ही पहिली भेट. संकल्प: रोज लिहायचं. रोज पहाटे प्राणायाम. आणि सुलू यायच्या आत घर चकाचक.

सुलू म्हणजे सुलक्षणा, आमची एकुलती एक लेक. दहिसरला दिली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा फेब्रुवारीत ओटी भरून तिला इथे बोरिवलीला आणायची. हॉलमध्ये पाळण्यासाठी छताला कडी मी आजच बसवली. खोकल्यामुळे तीनदा शिडीवरून उतरावं लागलं.

खोकल्याची एकदाच नोंद करून ठेवतो. हा खोकला माझा नाही, घराचा आहे. पुरावा: कारखान्यात यंत्रांच्या आवाजात मला खोकताना कोणी ऐकलेलं नाही. घरी मात्र सगळ्यांना ऐकू येतो. हायवेवरून रात्रंदिवस खडीचे ट्रक जातात, त्यांची धूळ सरळ आमच्या दुसऱ्या मजल्यावर येते.

शेवंतीला हे पटत नाही. तिचं एकच पालुपद: कंपनीच्या डॉक्टरने डिसेंबरात छातीच्या फोटोची चिठ्ठी दिली आहे, ती घेऊन जावा. चिठ्ठी देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. पळून जात नाही.

६ जानेवारी
प्राणायाम उद्यापासून. श्वास पूर्ण आत घेतला की ढास लागते. पहाटेची हवासुद्धा खराब.

१४ जानेवारी, संक्रांत
जावई चंद्रप्रकाश आणि विहीणबाई तिळगूळ घेऊन आले. आमच्या विहीणबाई, मथुराबाई, स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. चहा पिताना मी जरा खोकलो. जरा म्हणजे शेवंती आतून येऊन पाठ चोळेपर्यंत. विहीणबाईंनी कप ओठाला न लावता खाली ठेवला, पदर नाकाशी धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या की सुलूला पाठवायला आमची ना नाही, पण तुमचा खोकला कसला ते एकदा कळू दे, तान्ह्या पोराचा प्रश्न आहे. जावई पंख्याकडे बघत बसला होता.

रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही इथे लिहीत नाही.

ते गेल्यावर शेवंती रडली. मला संताप आला. हा सरळ सरळ आमच्या घराचा अपमान आहे! तेव्हा घरच सुधारायला पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार
मार्ग सापडला! गावचा दोस्त गुणाजी मस्कतहून सुट्टीवर आलाय. त्याने त्याच्या साहेबाच्या बंगल्यात सेंट्रल व्हॅक्युम सिस्टिम पाहिली आणि माझ्यासाठी कॅटलॉग उचलून आणला. भिंतीतून पाइप, खोलीखोलीत एक तोंड, मोटर कोपऱ्यात कुठेतरी लपवलेली. तोंडाला नळी लावली की धूळ सूं करून गायब. कव्हरवर एक मडम, गालिचा आणि गालिच्यावर रांगणारं गुटगुटीत बाळ. वर मोठ्या अक्षरांत, फॉर अ क्लीनर, हेल्दियर होम. या चित्रात कोणीही खोकत नाही.

२२ जानेवारी
मॉडेलची निवड. घाई करायची नाही, नीट तुलना करायची. तीन मॉडेल आहेत. पहिलं लहान घरासाठी. दुसरं मध्यम. तिसरं चार हजार स्क्वेअर फुटांपर्यंत. आमचं घर तीनशे ऐंशी. तिसरं निवडलं. थोडी ताकद हाताशी असलेली बरी. मोटर तळघरात किंवा गॅरेजमध्ये बसवावी असं लिहिलंय. आमचा बाथरूमवरचा माळा चालेल. शेवंती म्हणाली की माळ्यावर पापडांचे डबे आणि गणपतीचं मखर आहे. मोठ्या कामात अशी किरकोळ विघ्नं येतातच.

२५ जानेवारी
गुणाजी म्हणतो की अरे येड्या, ते मशीन इथे कुठे मिळतंय, पेटी जहाजाने येईपर्यंत तुझा नातू शाळेत जाईल.

हरकत नाही. मी स्वतः बनवणार. बावीस वर्षं मिलच्या कार्डिंग खात्यात काढली आहेत. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरायचं खातं. हवेत तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, इतकी की दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. ती ओढून घ्यायला छताला पाइप होते. सेंट्रल व्हॅक्युमच की ते! बहुतेक वेळा बंद असायचे, पण तत्त्व तेच. आणि मला तिथे काहीसुद्धा झालं नाही. सोमवारी सकाळी अख्खं खातं खोकायचं, मुकादमी करणारा जॉबर धरून, पण ती रविवारची सुट्टी बाधायची. एक-दोन दिवसांत ज्याची त्याला सवय व्हायची.

२ फेब्रुवारी, रविवार
आराखडा तयार. पॉइंट एक स्वयंपाकघर, दोन गॅलरी, तीन बाहेरचं दार, चार हॉलमध्ये पाळण्याच्या कडीखाली. चार नंबर सगळ्यात महत्त्वाचा. बाळाभोवती धुळीचा कण दिसता कामा नये.

आराखड्याला कागद मिळत नव्हता. कॅटलॉगमध्ये खुणेला एक कागद होता, त्याच्या पाठीवर काढला. काढून झाल्यावर उलटून बघतो तर डॉक्टरची चिठ्ठी! शेवंतीने मुद्दाम तिथे घातलेली. परवा डब्यात पोळ्यांखाली ठेवली होती. आता चिठ्ठी हॉस्पिटलात देणं शक्यच नाही. पाठीमागे नकाशा आहे.

९ फेब्रुवारी
मरोळच्या भंगारवाल्याकडून ब्लोअर, हवा ओढणारा मोठा पंखा, आणला. जुना, पण आवाज दमदार. जिन्यात पाच वेळा टेकलो. हाउसिंग बोर्डाने पायऱ्या फाजील उंच बांधल्या आहेत. शेजारच्या श्यामसुंदरने ब्लोअर उचलून दारापर्यंत आणला आणि विचारलं की काशीराम, पिठाची गिरणी टाकतोस काय रे. सांगितलं, कळेल तुला.

१३ फेब्रुवारी
छन्नी-हातोड्याने भोकं पाडतोय. दहा घाव, मग बसायचं, मग दहा घाव. सिमेंट चिवट आहे. घरभर पांढरी धूळ. डाळीत धूळ, गादीत धूळ, देवाच्या डोक्यावर धूळ. मुद्दाम आणलेली नाही, पण मशीनची परीक्षा घ्यायला उपयोगी पडेल.

शेवंती म्हणाली, भिंतीक भोकां पाडूच्या आधी छातीचो फोटो काढून येवा. वैतागली की ती मालवणीवर येते.

१६ फेब्रुवारी, रविवार
दहिसरला सुलूची ओटी भरली. शेवंती एकटीच गेली. मला काम होतं. आल्यावर म्हणाली की सुलूने पेटी भरून ठेवली आहे. दोन जुनी मऊ लुगडी, लंगोट, अंगडी-टोपडी. बाबा कधी नेणार, असं दोनदा विचारलं. विहीणबाई म्हणाल्या की रिपोर्ट आला की त्याच दिवशी न्या.

रिपोर्ट! माणसापेक्षा कागद मोठा झाला.

२० फेब्रुवारी
आज ही गोष्ट लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. कार्डिंगमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर नंदू होता. माझ्याच वयाचा. नारळाच्या झाडावर सरसर चढणारा. थोडा खोकायचा. कोणीतरी सांगितलं म्हणून फोटो काढायला गेला. तो पुन्हा खात्यात आलाच नाही. पावसाळ्यात गेला. फोटो काढेपर्यंत धडधाकट होता.

शेवंतीला हे सांगितलेलं नाही. तिला समजणार नाही. पॉइंट दोन आणि तीन पूर्ण.

२७ फेब्रुवारी
धूळ साठवायला पिशवी हवी. शेवंतीने शिवायला नकार दिला, म्हणून उशीचे दोन अभ्रे एकत्र करून मीच दाभणाने शिवली. वाया गेलेली हवा बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये, आमच्या आणि श्यामसुंदरच्या बाथरूममधल्या पोकळीत, सोडली आहे. रविवारी उद्घाटन. विहीणबाई, जावई, सुलू तिघांना बोलावलंय. घर बघतील आणि सुलूला इथेच ठेवून जातील. पेटी घेऊनच ये असं तिला कळवलंय.

२ मार्च, रविवार, दुपारचे चार
सविस्तर लिहायला हवं, नाहीतर लोक उगाच काहीबाही सांगतात.

सगळे अकराला आले. सुलू पेटी घेऊन आली. दोन जिने चढून दमली होती, पण मला बघून हसली. मी आधी थोडक्यात माहिती दिली, मॉडेल, तत्त्व वगैरे. मग चार नंबरला नळी लावली आणि बटण दाबलं. मशीनने ओढलं! तिळाच्या लाडवाचा पडलेला तुकडा, सिमेंटचा भुगा, विहीणबाईंच्या पदराचं टोक, सगळं ओढलं. पदर सोडवताना थोडी झटापट झाली. एवढ्यात माळ्यावर पिशवी फुटली. कालच्या चाचणीत आत गेलेली तीन आठवड्यांची धूळ एकदम खाली आली. उरलेली डक्टमधून श्यामसुंदरच्या बाथरूममध्ये गेली. तो तोंडाला साबण तसाच ठेवून टॉवेलवर आला आणि जे बोलला ते व्याह्यांसमोर बोलायला नको होतं.

मला ढास लागली. ती थांबेना. जमिनीवरच बसलो. सुलू त्या अवस्थेत खाली बसून माझी पाठ चोळत राहिली. विहीणबाई ओरडल्या की अगं लांब हो, लांब हो. चंद्रप्रकाशने तिला धरून उठवलं.

दारात तिने पेटी जावयाच्या हातात दिली. मला म्हणाली की बाबा, मला स्वच्छ घर नको होतं, एक कागद हवा होता. मग ते गेले.

३ मार्च
शांतपणे विचार केला. यंत्र यशस्वी, पिशवी अयशस्वी. दोन्हींत फरक करायला शिकलं पाहिजे. कॅनव्हासची पिशवी हवी. एप्रिलला अजून अवकाश आहे.

१६ मार्च
कॅनव्हास मिळाला. शिवायला घेतला नाही. दम टिकत नाही.

शेवंती चिठ्ठीबद्दल आठ दिवस एक अक्षर बोललेली नाही. मागे लागायची तेव्हा बरं वाटत नव्हतं, आता त्याहून बरं वाटत नाही. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसते. धूळ बरीच कमी झाली आहे. खोकला तेवढाच आहे. याचं कारण शोधलं पाहिजे.

४ एप्रिल, शुक्रवार
सुलूला दहिसरलाच मुलगी झाली. सुखरूप. निरोप चंद्रप्रकाश स्वतः घेऊन आला. मी शर्ट बदलून लगेच निघालो. नर्सिंग होमच्या जिन्यात विहीणबाई भेटल्या. वाईट काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या की काशीरामभाऊ, तुम्ही खाली बाकावर टेका, शेवंतीबाई वर जाऊन येतील. मी टेकलो. दीड तास. शेवंती खाली आली आणि म्हणाली की नाक तुमच्यावर गेलंय.

माझी नात, आणि मी खाली बाकावर! आज मला कोणाचाच राग येत नाही. नुसती भीती वाटते.

७ एप्रिल, सोमवार
गेलो. चिठ्ठी खिडकीत दिली. क्लार्कने उलटून नकाशा पाहिला आणि विचारलं की हे काय आहे. घर, असं सांगितलं. त्याने शिक्का मारला.

शर्ट काढा. छाती काचेला लावा. श्वास आत घ्या, धरा, सोडा. एवढंच. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला श्वास धरता आला नाही म्हणून दोनदा काढावा लागला.

११ एप्रिल
डॉक्टरने फोटो उजेडाला लावला. विचारलं की कापसात किती वर्षं होतात. बावीस, म्हटलं. म्हणाला की तो रोग नाही, यातून कोणाला काही लागत नाही, बाळाला खुशाल मांडीवर घ्या. ही तुमच्या मिलची तूस आहे, घरातली धूळ नव्हे. औषधाने दम थोडा सुधारेल, वजन उचलू नका, ठोकाठोकी करू नका, धुळीपासून लांब राहा. मी विचारलं की आत बसलेली ओढून काढता येते का. म्हणाला, नाही.

मग त्याने चिठ्ठीवरची तारीख पाहिली. एकोणीस डिसेंबर.

१५ एप्रिल, मंगळवार
दहिसरला बारसं. रिपोर्ट विहीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी जावयाकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून मला परत दिला आणि स्वतः बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या की भाऊ, हे आधी सांगितलं असतं तर आम्ही कशाला अडवलं असतं. नाव कमळ ठेवलं. नाक खरंच माझं आहे. मी तोंड वळवून खोकलो, कोणी उठलं नाही.

सुलूला म्हटलं की आता चल, महिनाभर राहा. ती म्हणाली की आता इथे सगळं मार्गी लागलंय, बाबा, शेक-शेगडी, बाळाची झोप. पुढच्या खेपेला येईन. पुढची खेप माहेरी नसते, हे तिलाही ठाऊक आहे.

घरी आल्यावर शेवंतीला म्हटलं, उद्या सिमेंट आणून भिंतीतली भोकं बुजवतो. ती म्हणाली, आता काय ठोकू नकात, धूळ उडतली. तिने कॅटलॉगची पानं फाडली, बोळे केले आणि एकेका भोकात कोंबले. चार नंबरमध्ये कव्हर गेलं, मडम आणि बाळ धरून. वरच्या कडीला तिने दोरी बांधली आणि माझा ओला टॉवेल वाळत घातला.