मंत्र्यांसमोर कौसाबाई
मंगळवार, संध्याकाळ

कौसाबाईंचे ते चिखलाने माखलेले पाय डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पिशोरकडच्या त्यांच्या वस्तीला रस्ता नाही, कळा सुरू झालेल्या सुनेला झोळीतून न्यावं लागलं, अशी बातमी मी दिली होती. काल मंत्री टीव्हीवर म्हणाले, "रस्ता झालाय, बातमी खोटी." संपादकांनी लगेच मला पुरावा मागितला.

आज जनता दरबारात मी पुन्हा विचारलं, तर मंत्री हसले. "ताई, कागदपत्रं बघून लिहीत जा." सगळे कॅमेरे माझ्याकडे वळले. तेवढ्यात मागून कौसाबाई उठल्या.

"साहेब, रस्ता झालाय तर ह्ये पाय बघा. सकाळी घरून निघालेय."

पार घोट्यापर्यंत चिखल! मंत्र्यांनी पुढे वाकून ते पाय पाहिले. मग कॅमेऱ्यांसमोरच म्हणाले, "माझी माहिती चुकली. मी स्वतः वस्तीवर येतो." इतकं कोण कबूल करतं? त्यांचेही आभारच.

बाहेर कौसाबाईंना गाठलं. "मावशी, रस्त्यासाठी एवढ्या लांब आलात?"

"रस्त्याचं काय, लई वर्सं झाली. तुला खोटी म्हणले, म्हून आले. नोकरी ऱ्हाईल ना पोरी तुझी?"

नुसता त्यांचा हात धरून उभी राहिले.