हेमावतीचा उजवा गुडघा

वेलचेरी, चेन्नई
११ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप अण्णांस,
धाकट्या हेमावतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलमध्ये मला तुमच्या घरचा पंखाच तेवढा दिसतो, तेव्हा पत्रच बरं. रणवीर म्हणतो, आई, आजकाल पत्रं कोण लिहितं? मी म्हटलं, ज्यांचे भाऊ बहिरे आहेत ते लिहितात. रागावू नका.

जूनमध्ये उजवा गुडघा बदलला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जुलैभर सगळं छान चाललं होतं. काठी सुटली होती, जिना चढत होते, ड्रायव्हिंग स्कूल पुन्हा सुरू करायचं म्हणून गाडी धुऊनपुसून ठेवली होती. मग एका सकाळी उठले तर गुडघा तव्यासारखा तापलेला. दुपारी हुडहुडी भरली आणि टाक्यांच्या खालच्या टोकातून पाणी झिरपायला लागलं. रणवीर म्हणाला, जास्त चाललीस, बर्फ लाव, बसेल सूज. सून मात्र ऐकेना. हरिणीने ऑफिस बुडवलं आणि मला सरळ इस्पितळात नेलं. डॉक्टर शेषाद्रींनी सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. पाणी कसलं, गढूळ ताकच ते. तपासणीत जंतू निघाले.

लगेच पुन्हा ऑपरेशन झालं. गुडघा उघडून आतून धुतला, मधली प्लॅस्टिकची चकती बदलली, आता शिरेतून औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, सांधा वाचू शकेल. ‘वाचेल’ म्हणाले नाहीत, ‘वाचू शकेल’ म्हणाले. मी शिकवणारी बाई, शब्द बरोबर ऐकते.

मला दुखण्याची भीती नाही, अण्णा. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, तो माझ्या उजव्या पायाखाली. हे गेल्यावर मी स्कूल काढलं तेव्हापासून वेलचेरीतल्या निम्म्या बायकांचे जीव त्या पायावर होते. तो पाय वेळेवर दाबला गेला नाही, तर मी शिकवायचं कशाच्या जोरावर?

वहिनींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू द्या, जास्त मागत नाही.
तुमची,
हेमावती

~

तंजावर
१९ ऑगस्ट २०२४

चि. हेमास,
मानाजीचे अ. उ. आ.

बहिरा झालो तरी आंधळा झालेलो नाही. तुझ्या पत्रातली शेवटची ओळ उतरणीला लागली आहे. लिहिताना ताप होता, खरं ना? तापात लिहू नये. आणि लिहायचंच तर ताप आहे हे पहिल्या ओळीत लिहावं, भावाच्या बहिरेपणावर पहिला परिच्छेद खर्च करू नये.

तुझी वहिनी रत्नप्रभा सकाळपासून नारत्तंगायचं लोणचं मुरवत बसली आहे, तुझ्यासाठी. आंबट चालतं का ते डॉक्टरांना विचार. मी म्हटलं, गुडघ्याचा आणि लोणच्याचा काय संबंध? तर मला म्हणाली की तुम्हाला ऐकूही येत नाही आणि कळतही नाही.

हरिणीला माझा आशीर्वाद कळव. मुलगी कमी बोलते, पण नेमकं बोलते. आपल्या रणवीरचं उलट आहे, ते तुझ्याकडून आलं.

जपून राहा. इकडून माया पाठवतो आहे, लोणच्याबरोबर पोचेल.
मानाजी

~

वेलचेरी
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
हेमावतीचा शि. सा. न. वि. वि.

पहिल्या ओळीत लिहिते: ताप आहे.

जंतू गेले नाहीत. चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच पाणी, तीच हुडहुडी. डॉक्टर म्हणतात, जंतू धातूला चिकटून बसलेत, वरून कितीही औषध ओतलं तरी पोचत नाही. आता अख्खा सांधाच काढायचा. त्या जागी औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवायचा, दीड महिना रोज शिरेतून औषध घ्यायचं, आणि सगळं स्वच्छ झालं असं तपासणीत दिसलं तरच नवा सांधा बसवायचा. म्हणजे आणखी दोन ऑपरेशनं, आणि मधल्या काळात पाय असून नसल्यासारखा.

मी नको म्हणाले. डॉक्टरांना विचारलं, दुसरा काही मार्ग? तर म्हणाले, सांधा काढून हाडं एकमेकांत जोडून टाकता येतील, पाय कायमचा सरळ राहील, वाकणार नाही. मी म्हटलं, तेच करा आणि मला मोकळी करा. रणवीरलाही ते पटलं. त्याने मला तापात बरळताना पाहिलंय, बिचारा घाबरलाय. हरिणी मात्र परवापासून माझ्याशी बोलत नाही. ताट आणून ठेवते, औषध देते आणि निघून जाते.

गाडी विकून टाक म्हणून रणवीरला सांगितलंय. आमच्याच इमारतीतल्या अंबुजाचं शिकणं अर्धवट राहिलं, तेवढं मनाला लागतं. बँकेत एवढ्या वर्षांची नोकरी, पण स्टिअरिंग धरलं की बाईच्या हाताला घाम फुटतो. तिला म्हटलं, दुसरी शाळा बघ.

मी दमले, अण्णा. मला चूक म्हणू नका. एवढा लोभ करा.
हेमावती

~

तंजावर
१९ सप्टेंबर २०२४

चि. हेमास अ. उ. आ.

चूक म्हणत नाही. हे पत्र पोचेल त्याच्या पाठोपाठ मीच पोचेन. सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो आहे, रणवीरला एग्मोरला यायला सांग. त्याने मला हाका मारू नयेत, ऐकू येणार नाहीत. फलाटावर समोर येऊन उभं राहावं.

तुला काही सांगायला येत नाही. विचारायला येतो आहे.

बाकी समक्ष.
मानाजी

~

वेलचेरी
२ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना,
हरिणीचा साष्टांग नमस्कार.

मी मराठी शाळेत शिकले नाही, घरी अप्पांनी शिकवलं तेवढंच येतं. चुका असतील. आईंनी आज्ञा केली की मामांना तूच लिही, आणि तमिळमध्ये लिहिलंस तर परत पाठवीन.

ऑपरेशन काल झालं. जुना सांधा पूर्ण काढला. आतली खराब झालेली जागा खरवडून साफ केली आणि सिमेंटचा सांधा बसवला. डॉक्टर म्हणाले, त्यांना हवं होतं तसं झालं. आज ताप नाही. किती दिवसांनी मी हे वाक्य लिहिते आहे.

तुम्ही परत गेलात तरी तुमची गोष्ट अजून इस्पितळातल्या आमच्या मजल्यावर चालू आहे. तुम्ही डॉक्टरांना केवढ्या मोठ्याने विचारलं होतं, दहातले किती बरे होतात? आणि तुम्हाला ऐकू यावं म्हणून डॉक्टरांनाही ओरडून सांगावं लागलं, आठ, कधी नऊ! तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पाटींनी, म्हणजे तमिळ आजींनी, टाळ्या वाजवल्या होत्या. मग तुम्ही विचारलं, उरलेल्यांचं काय होतं? डॉक्टरांनी तेही लपवलं नाही. काहींना पुन्हा ऑपरेशन लागतं, क्वचित पाय वाचत नाही. आणि तुम्ही आईंकडे वळून म्हणालात, हेमा, हा पाय तुला कशाला हवाय ते सांग, मग ठरव. आई इतक्या जोराने ‘ब्रेकला!’ म्हणाल्या की बाहेरून नर्स धावत आली. मग त्या हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडते तशी तिथे जिन्यात जाऊन रडले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. हे त्यांना सांगू नका.

काल शुद्धीवर आल्यावर आईंचे पहिले शब्द ऐका. स्ट्रेचर ढकलणाऱ्या बाईंना म्हणाल्या, वळणावर आधी बघायचं, मग वळायचं.

तुमचा आशीर्वाद आम्हा तिघांवर राहू दे.
हरिणी

~

वेलचेरी
१८ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
हेमावतीचा शि. सा. न. वि. वि.

बातम्यांत वेलचेरीचं पाणी बघून वहिनी घाबरल्या असतील. आम्ही कोरडे आहोत. पण काय झालं ते ऐका, तुम्हाला हे कधी सांगते असं मला झालं होतं.

पाऊस येणार म्हटल्यावर इथले लोक आधी गाड्या उचलून उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात. रणवीरनेही नेली. तो ऑफिसच्या कामाने बेंगळुरूला गेला आणि त्या सकाळी आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी. रिक्षा नाही, ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला की आत येता येणार नाही. औषध तर रोज इस्पितळातच घ्यायचं, दंडातल्या नळीतून. एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हरिणीला गाडी येत नाही. सासू ड्रायव्हिंग शिकवते आणि सून शिकत नाही, हा आमच्या घरचा जुना विनोद, त्या दिवशी कोणाला हसू आलं नाही.

आणि अंबुजा खाली आली. साडी खोचलेली, हातात तिच्या नवऱ्याच्या गाडीची किल्ली. म्हणाली, हेमाक्का, आमची गाडी पुलावर आहे, लायसन्स नवं आहे, हाताला आत्ताच घाम फुटलाय, पण चला. मी थक्क झाले. मी आजारी पडल्यावर दुसऱ्या शाळेत शिकून तिने परीक्षा दिली होती, मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं.

इमारतीतल्या चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पट्ट्यांत बांधलेला पाय पुढे ताठ, नळीवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि हरिणी छत्री धरून मागे. देवळातली उत्सवमूर्ती निघावी तशी मी गल्लीतून निघाले. गच्चीवरून कोणीतरी नमस्कारही केला!

पुलावरून खाली उतरलो तर पुढे पुन्हा पाणी साचलेलं. अंबुजाने गाडी थांबवली आणि म्हणाली, अक्का, जमणार नाही. मी मागच्या सीटवर आडवी, पाय हरिणीच्या मांडीवर. पुढे माझा ब्रेक नव्हता, अण्णा. माझ्याकडे फक्त तोंड होतं. म्हटलं, समोरची बस कुठपर्यंत बुडतेय ते बघ. तिच्या चाकाच्या मध्यापर्यंतही पाणी नव्हतं, आणि रस्ता माझ्या पायाखालचा आहे, त्या दिवशी पाठीखालचा. म्हटलं, पहिला गिअर टाक, बदलू नकोस, रेस सोडू नकोस, आणि ती गेली त्याच रेषेत चल. थांबायचं नाही. ती रडत होती आणि चालवत होती. रडत रडत तिने गाडी अशी काढली की मी शिकवूनही इतकी सरळ रेष कधी आली नव्हती.

औषध चुकलं नाही. नर्स म्हणाली, आज सकाळच्या यादीतले निम्मे आलेच नाहीत, तुम्ही कशा आलात? मी म्हटलं, माझ्या विद्यार्थिनीने आणलं.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलंय की मी बरी होणार. रणवीरला गाडी विकू नको म्हणून कळवलंय. तो म्हणाला, विकायला काढलीच नव्हती.

तुमच्या लेकरावर लोभ आहे, तो असाच धो धो वाहू द्या.
हेमावती

~

वेलचेरी
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांस व वहिनींस,
हेमावतीचा शि. सा. न. वि. वि.

नवा सांधा बसला! नोव्हेंबरात औषध बंद करून दोन आठवडे नुसती वाट बघायला लावली, तो काळ सगळ्यात वाईट. अंग जरा कोमट लागलं की मी थर्मामीटर शोधायची. मग रक्त तपासलं, पुन्हा सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. या वेळी ते स्वच्छ होतं. डॉक्टर शेषाद्री एरवी हसत नाहीत, त्या दिवशी रिपोर्ट मला उलटा दाखवला आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हा सांधा पहिल्यापेक्षा दांडगा आहे, दांड्या हाडात खोलवर गेल्यात. वाकवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी पहिल्या दिवशी फार वाईट बोलले, दुसऱ्या दिवशी माफी मागितली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. पण वाकतोय. आता खुर्चीतून हात न टेकता उठते.

पुढची दोन वर्षं सावध राहायचं आहे. ताप आला, दाढ दुखली, पायाला जखम झाली तरी आधी त्यांना कळवायचं. मी डॉक्टरांना विचारलं, ब्रेक? ते म्हणाले, पाय जोरात आणि झटकन दाबता यायला लागला की मी तपासेन, आणि मगच. म्हटलं, परीक्षा घ्या, मी आयुष्यभर दुसऱ्यांना परीक्षेला बसवलंय.

हरिणी मार्चपासून शिकणार आहे. आता हसायला हरकत नाही.

पोंगलच्या गोड शुभेच्छा. आठवण ठेवता, तेवढ्यावर माझं चालतं.
हेमावती

~

तंजावर
२४ जून २०२५

चि. हेमास,
मानाजीचे अ. उ. आ.

तू परत चेन्नईला सुखरूप पोचल्याचं रणवीरने कळवलं. आता मला तुझ्यावर रागवायचं आहे, ते निवांत रागावतो.

डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, हे तू एप्रिलमध्ये लिहिलंस. ठीक. चेन्नईत शिकवायला लागलीस, तेही ठीक. पण एवढा लांबचा रस्ता, वाटेत दोनदा थांबून का होईना, कोणाला न सांगता? तुझी वहिनी म्हणते की तिला सांगितलं होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. या घरात बहिऱ्याला कोणी काही सांगत नाही.

मी गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाडीवर वांगी निवडत होतो. तू मागे गाडी लावून हॉर्न वाजवत होतीस म्हणे, आणि सगळी गल्ली बाहेर येऊन बघत होती. मी वांग्यांत. शेवटी खांद्यावर हात पडला. वळलो, तर तू. मी आधी तुझ्या हाताकडे पाहिलं, काठी नव्हती. मग तुझ्या मागे पाहिलं, धरायला कोणी नव्हतं. इस्पितळात तुझा चेहरा उशीच्या रंगाचा झाला होता, तो मी नऊ महिने डोळ्यांपुढून काढू शकलो नव्हतो. त्या दिवशी निघाला.

मी काही बोललो नाही, असं तुझं म्हणणं आहे. बोललो असतो तर सगळ्या पेठेला ऐकू गेलं असतं. म्हणून वांगीवाल्याकडेच वळलो आणि भाव विचारत बसलो.

दुसऱ्या दिवशी तू मला आणि वहिनीला कल्लणैला घेऊन गेलीस. कावेरीला नवं पाणी सोडलं होतं, बंधाऱ्यावर माणसांची जत्रा, आणि तू पायऱ्या उतरून खाली गेलीस, वर आलीस. मी वरच उभा होतो. माझे गुडघेही फारसे बरे नाहीत, पण ते पुढच्या पत्रात. आधी तुझ्या डॉक्टरांचा पत्ता पाठव.

तू निघालीस त्या सकाळी समोरच्या घरातले जनकोजीराव काठी टेकत आले. वर्षभर तुझ्या दुखण्याच्या बातम्या त्यांनी माझ्याकडून ऐकल्या होत्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तसं त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, हिला इथवर कोण घेऊन आलं होतं? मुलगा आला नव्हता का?

मी त्यांना एवढ्या मोठ्याने उत्तर दिलं की कबुतरं उडाली. तुला गाडीत ऐकू आलं नसेल, म्हणून लिहून पाठवतो.

म्हटलं, ती स्वतःच स्वतःला घेऊन आली.

आशीर्वाद कमी पडले तर कळव, इथे पुष्कळ आहेत.
तुझा,
मानाजीअण्णा