सायाळीचा फोटो मीच काढणार

३ मार्च, सोमवार.
डॉक्टरांचे मत : दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, आणखी लांबवल्यास दृष्टी जाण्याचा संभव. डॉक्टर तरुण आहेत. घाई हा वयाचा दोष. दीक्षा झाल्यापासून मी रोज तळहातावरील इष्टलिंगावर नजर स्थिर करून पूजा करीत आलो आहे. साधनेत असे तावून निघालेले नेत्र पिकत नसतात. हल्ली लिंगाभोवती तेजोवलय दिसते. डॉक्टर त्यालाही लक्षणच म्हणतात. कृपा आणि लक्षण यांतील भेद वैद्यकात शिकवत नसावेत.
वह्यांच्या रेघा अलीकडे फार फिक्या छापतात.

५ मार्च.
झरीच्या शिवारातल्या आमच्या शेतात रात्री सायाळ येऊन रताळी उकरते. चिरंजीव महारुद्र याने कापसाच्या वाळक्या पराट्यांचे लपण उभारले आहे. नात त्रिवेणीच्या हौसेखातर आम्ही सारे त्यात बसून फोटो काढणार. संधी साधून सौ. भागम्माने सर्वांदेखत अट घातली : "तुमी सोता बघून सायाळीचा फोटो काढा. काढला तर ऑपरेशनचं नाव घेणार न्हाई. न्हाई जमलं तर मुकाट्यानं दवाखान्यात चलायचं."
तत्काळ मान्य केली.
संकल्प : मौन. खोकला निषिद्ध.

७ मार्च, सकाळ.
रात्री सायाळ दिसताच लागोपाठ फोटो काढले. प्राणी विलक्षण स्थिर होता. त्रिवेणी म्हणाली, "अप्पा, ती खताची गोणी हाय." गोण्या उघड्यावर टाकू नयेत, हे महारुद्राला कितीदा सांगितले आहे! परतताना बांधावर त्रिवेणीने माझा हात धरला. मुलीला अंधाराची भीती वाटत असावी. धरू दिला.

९ मार्च, रविवार.
काल मोठा प्राणी टिपला. लपणाबाहेर गेलेली भागम्मा निघाली. "पन्नास वर्सं संसार केला, आन् आता मी जनावर दिसायली व्हय तुमाला?" दोष तिने पांघरलेल्या घोंगडीचा. महारुद्र इतका हसला की रात्र फुकट गेली. घरात शिस्त म्हणून उरलेली नाही.

१० मार्च, पहाट.
झोप नाही. ऑपरेशनच्या वेळी गळ्यातले उतरवावे लागते, आणि इष्टलिंग देहावेगळे करणे आम्हांस वर्ज्य. माझ्या नकाराचे हेच खरे, तात्त्विक कारण. भागम्माला सांगितले. ती म्हणाली, "दवाखान्यात इचारलंय मी. दंडाला बांधलं तर चालतंय म्हणलेत." हिला कोणी विचारायला सांगितले होते?
दुसरे कारण शोधले पाहिजे. टेबलावर उताणे निजायचे, आणि उघड्या डोळ्यावर शस्त्र... भीतीचा प्रश्न नाही.

१२ मार्च, सकाळ.
सायाळ आली. चांदणे टिपूर होते म्हणतात. मला सर्वत्र दूध सांडलेले. काट्यांची खुळखुळ ऐकली. रताळे कुरतडल्याचा आवाज तर अगदी पुढ्यात. त्रिवेणी कानाशी कुजबुजली, "अप्पा, समोरच हाय, दाबा की!" मी योग्य क्षणाची वाट पाहत होतो. योग्य क्षण येईना. काटे दूर जाऊ लागले. तेवढ्यात माझ्या बोटावर एक खडबडीत बोट आले, बांगडी किणकिणली, आणि बटण दाबले गेले.
"काढला बाई यांनी फोटो," भागम्मा म्हणाली.
बटणावर बोट माझेच होते. त्याच्यावर आणखी कोणाचे होते, हा तपशील. ऑपरेशनचा विषय संपला. तिने आपली अट आपणच मोडली, हे मला कळते. का मोडली, ते कळत नाही.
जिंकलो. जेवण गेले नाही.

१२ मार्च, सायंकाळ.
त्रिवेणीने कॅमेरा हातात दिला. बराच वेळ निरखून मी म्हणालो, काटे फार रेखीव आले आहेत, विशेषतः पांढरे पट्टे.
त्रिवेणी हळूच म्हणाली, "अप्पा, अजून चालूच केला न्हाई मी."
कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
मी कॅमेरा खाली ठेवला, महारुद्राकडे वळलो आणि डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारले.
"उद्याच, अप्पा," तो पाठीमागून म्हणाला. "आन् मी हिकडं हाय."