अकरावा मुद्दा

१४ मार्च, सकाळ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा. वहिनीलाही सांग. माझी तब्येत उत्तम, केस तर त्याहून उत्तम; का ते पुढे येईलच. तुझी पाठ कशी आहे? फळ्या अजून एकट्यानेच उचलतोस का?

पावणेदोन वर्षांनी पत्र आलं म्हणजे स्वारीला काहीतरी हवंय, असं तू म्हणशील. थांब, आधी बातमी ऐक. विचार करून पोट भरतं का, असं तू विचारायचास ना? भरतं.

इथे एका सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि वाट बघणारे दहा. लोक कंटाळून समोरच्या सलूनमध्ये जायचे. मी केस कापायला गेलो आणि माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो का, यावर बाकावरच्या एका शिंप्याशी असा भिडलो की एकही गिऱ्हाईक उठलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी मला पगारावर बाकावर बसवलं. दाढी-केस फुकट. अट एकच: "वाद हवा तेवढा घाल, पण जिंकायचं नाही. जिंकलास की गिऱ्हाईक गेलं."

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात एका बसवाल्याला असं निरुत्तर केलं की तो अर्ध्या दाढीनिशी निघून गेला. मालक म्हणाले, "आता त्याचा उरलेला गाल शोधून आण." आणला, हातापाया पडून.

जुन्या काळी म्हणे एक तत्त्वज्ञ रात्री बागांना पाणी घालून पोट भरायचा. काहीजण फी घेऊन वाद जिंकायला शिकवायचे. हरण्याचा पगार घेणारा बहुधा मीच पहिला.

कॉलेज का सोडलं, ते तुला कधी सांगितलं नाही. सरांना भर वर्गात हरवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग आता?" मी पिशवी उचलली आणि निघालो.

आता खरं ते. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारी एक मुलगी आहे. डोळ्याला भिंग लावून मधल्या खिडकीतून आमचे वाद ऐकते. महिन्यापूर्वी तिने विचारलं, "माणसाने लग्न करावं का?" बाक भरलेला, मला चेव चढला. तीन दिवस लग्नाविरुद्ध बोललो. मुद्दे अकरा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पटलं," आणि खिडकी लावून घेतली.

मालकांनी वस्तरा खाली ठेवला. "गाढवा, ती तुला विचारत होती."

दादा, मला तिला तेच विचारायचं होतं, पहिल्या दिवसापासून.

आठ दिवस खिडकी बंद. नवव्या दिवशी बंद पडलेलं घड्याळ घेऊन पुढच्या दाराने गेलो. ती म्हणाली, "याला काही झालेलं नाही. किल्ली दिली नाहीस." म्हटलं, "मुद्दे परत घ्यायचेत. तू उलट बाजूने बोल." ती बोलली. स्क्रू काढावेत तसे एकेक करून दहा मुद्दे काढले तिने, आणि मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. तुला खरं वाटणार नाही.

अकरावा तेवढा ठेवला. 'जवळच्या माणसाला दुखावलं की ती जखम भरत नाही, म्हणून कुणाला जवळ करू नये.' म्हणाली, "हा कुठून आणलास?"

मग तुझं सांगावं लागलं. घर सोडलं त्या दिवशी तू दाराला रंधा मारत होतास, आणि मी म्हणालो की विचार न करता जगणाऱ्याने मला शिकवू नये. तू रंधा तसाच पुढे रेटलास. त्या दारावर खोल खड्डा पडला. तुझा रंधा चुकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि तरी गेलो.

चुकलं माझं, दादा.

ती म्हणते, "भावाला लिही. तो आला तर लग्न. नाही आला तर तुझा मुद्दा खरा. तू जिंकलास."

मला जिंकायचं नाहीये. वहिनीला घेऊन ये. तुझे केस मालक स्वतः कापणार आहेत, बाकावर माझ्या शेजारची जागा आजपासून राखून ठेवलीय. येऊन हवं ते बोल. खिडकी उघडी असेल, तीही ऐकेल.

पगारावर आणि बिनपगारीही हरायला तयार असलेला,
तुझा धाकटा